मिल्काची भांडी आणि माझा त्याग

१९ फेब्रुवारी १९५८. राखेचा बुधवार.

काचेच्या कपाटाचा खालचा कप्पा पुसताना जुना केकचा डबा हाती लागला आणि सकाळ तिथंच गेली.

लग्न होऊन पनवेलात आले तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरातली मिल्का, तिचंही लग्न नवंच, एका सकाळी टोपलीभर तांब्यापितळेची भांडी घेऊन आमच्या मागच्या दारात उभी. म्हणाली, ठेवून घे. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून आलेली. मला वाटलं, नव्या शेजारणीला भेट द्यायची इथली रीत असेल. मी इंग्रजीत आभार मानले, भांडी फळीवर ओळीनं मांडली, आणि मदर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं तसं परतभेट म्हणून दुसऱ्या दिवशी केक घेऊन गेले. वाळूच्या पातेल्यात, वर-खाली निखारे ठेवून भाजलेला. मिल्का दारात दोन्ही हात पाठीमागे धरून उभी. केककडे बघते, पण हात काही पुढे करत नाही. मनात म्हटलं, काय गर्विष्ठ बाई!

मग उलगडा झाला. मिल्का बेने इस्राएली, कोकणातल्या यहुद्यांपैकी. त्यांचा वल्हांडणाचा सण लागला होता. आठ दिवस घरात खमीर चालत नाही, खमिराला लागलेली रोजची भांडीही चालत नाहीत. म्हणून ती माझ्याकडे ठेवायला दिली होती. भेट वगैरे काही नव्हती. नवव्या दिवशी ती भांडी न्यायला आली तेव्हा माझा केक डब्यात दगड होऊन बसला होता. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो आणि तो चहात बुडवून बुडवून खाल्ला. एवढंच. बोलण्यासारखं त्यात काही नाही. तेव्हापासून दरवर्षी भांडी येतात आणि नवव्या दिवशी सगळ्यात मोठ्या पातेल्यात केक ठेवून मी ती परत करते.

असो. मूळ मुद्दा वेगळा.

आज फादरांनी आधी कपाळाला राख लावली आणि मग उपदेश केला. म्हणाले, आपण समजतो की वस्तू आपल्या आहेत, पण खरं म्हणजे आपणच त्यांच्या नोकरीत असतो. पुसतो, मोजतो, कुलूप लावतो. ईस्टरआधीच्या ह्या चाळीस दिवसांच्या लेंटमध्ये मांसमच्छी सोडू नका, कपाट सोडा. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा माझ्या मागच्या बाईंकडे असेल.

संकल्प: ईस्टरच्या आत घरातली प्रत्येक अनावश्यक वस्तू द्यायची. दिलेली परत घ्यायची नाही. नवीन आणायची नाही. (ही वही आजच आणली. पण त्यागाची नोंद ठेवायला वही लागतेच.)

२० फेब्रुवारी

जोरात सुरुवात. सुरुवात जवळच्या माणसापासून करावी, म्हणून ह्यांच्या वस्तूंपासून केली. रस्तेखात्यात ओव्हरसियर होते तेव्हाची सोला हॅट, तीन काठ्या, मोजणीच्या दुर्बिणीचा एक पाय (दुर्बीण सरकारजमा, पाय मात्र आमच्याकडे), आणि पळस्प्याच्या नाक्यावर काम चालू असताना वापरलेली ताडपत्री. सगळं भामाला दिलं. भामा आमच्याकडे विचुंब्याहून कामाला येते. तिचा नवरा शिवा मिठागरात जातो, त्याला उन्हात हॅटचा उपयोग होईल.

मन किती हलकं झालं! एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

भामा सांगत होती, "बाय, धनी टोप घालून मिठागरान गेला तं मुकादम उठून हुबा ऱ्हायला. सायब आला म्हनला." 

तिला आमचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळही देत होते. नको म्हणाली. "बंद घड्याल काय करू? आमच्या घरान तं चालू घड्यालपन लागत नाय." गरिबांना दान घेण्याचंही वळण लावावं लागतं.

२३ फेब्रुवारी. रविवार.

हे बाजारात गेले आणि हॅट घालून परत आले. शिवा भेटला होता. त्याला नवी छत्री घेऊन दिली आणि हॅट सोडवून आणली. मला म्हणाले, "माझ्या डोक्यावरचा भार तू उतरवलास मार्था, उपकार झाले. आता तुझ्या डोक्यावरचं बघ." आणि हॅट खुंटीला.

दिलेली वस्तू परत घ्यायची नाही हा नियम मी पाळला आहे. घेतली ती ह्यांनी. तो त्या दोघांचा व्यवहार.

संध्याकाळी मागे, दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यापाशी मिल्का भेटली. पुन्हा तेच. म्हणे कागद आले, पासपोर्ट झाले, आता फक्त तारीख ठरायची. तिचा सॅमसन दोन वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, आता आई-बापाला बोलावतो आहे. तिचे यजमान इनॉकभाऊ मामलेदार कचेरीतून रिटायर झाल्यापासून नकाशा भिंतीला लावून बसलेत. मी म्हटलं, हे तू कधीपासून सांगते आहेस. गेल्या वर्षीपण जाणार होतीस, त्याआधी पण. ती म्हणाली, "अगं, ह्या वेळी खरंच जातोय गं." मी म्हटलं, आणि तिथं भांडशील कुणाशी? मराठीत? ती हसली, मग एकदम कढीपत्ता तोडायला वळली.

जात नाही ती. मी ओळखते तिला. तिला जवळच्या शिरढोणला एक रात्र राहायला गेलं तरी झोप येत नाही.

जाता जाता आठवण: माझी खोबरं किसायची चेपलेली किसणी तिच्याकडेच आहे. वीस वर्षं झाली असतील. मागून घ्यायची. आवश्यक वस्तू आहे.

२६ फेब्रुवारी

उत्तम कल्पना सुचली. भामाला वस्तूंची कदर नाही. मिल्काला द्यायच्या! त्याग तर होतोच, आणि वस्तू चांगल्या घरात पडते. शिवाय तिच्या खिडकीतून दिसत राहते, पण हा मुद्दा गौण.

आज नेऊन दिल्या: बिस्किटांचे रिकामे डबे, सॅमसनच्या जन्माच्या वेळी विणायला घेतलेला स्वेटर (एक बाही झाली आहे), बंद घड्याळ, स्वित्झर्लंडच्या तळ्याची तसबीर. मिल्का जमिनीवर बसून ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेव तिकडे कोपऱ्यात." कुठं निघालीस, विचारलं नाही. तिला सगळ्यावर नाव घालायची हौसच आहे. तिच्या प्रत्येक पातेल्यावर कोरलेलं आहे: सौ. मिल्का इनॉक, पनवेल.

२ मार्च. रविवार.

आज काचेच्या कपाटाचा निकाल लावायचा होता. दुपारभर समोर बसले.

मदर बेनेडिक्टांनी लग्नात दिलेला टी-सेट. सोनेरी काठ, गुलाबाची कळी. काही कप राहिले आहेत, त्यातल्या दोनांना कान नाहीत. लग्नाला निघताना मदर म्हणाल्या होत्या, मार्था, तू नावाप्रमाणे होऊ नकोस. शास्त्रातली मार्था भांड्याकुंड्यांत गुंतून राहिली आणि प्रभूची बोलणी खाल्ली. हे बोलून त्यांनी मला टी-सेट दिला. मोठ्या माणसांचं असंच असतं.

निर्णय: टी-सेट आवश्यक. पाहुण्यांसाठी.
ख्रिसमसच्या गव्हाणीतल्या मूर्ती, मेंढपाळाला डोकं नाही: आवश्यक. धार्मिक आहेत.
चाव्यांचा जुडगा, कुलपं माहीत नाहीत: आवश्यक. कधी एखादं कुलूप सापडलं तर?
मोडकी पंखाची टोपी, शाळेच्या नाटकातली: आवश्यक नाही. पण घेणार कोण?

म्हणजे कपाटात अनावश्यक असं जवळजवळ काही नाही. हे कळणं हीसुद्धा आध्यात्मिक प्रगती.

५ मार्च

शिमगा. भामा नाही. मिल्काच्या ओट्यावर माणसं जमली होती. मला वाटलं होळीची वर्गणी मागायला आली असतील. तर ती तिचं सामान बघायला आलेली. एक बाई तिचा रगडा फिरवून बघत होती, वरवंटा वाजवून. जणू भाड्याचा बैल.

मला सहन झालं नाही. त्या रगड्यावर मी मिल्काबरोबर किती वर्षं वाटण वाटलं आहे. मी मधे पडले आणि म्हटलं, हा रगडा दिला गेलेला आहे. बाई म्हणाली, कुणाला? मी म्हटलं, मला.

शिवाच्या भावाकडून गाडीवर घालून पलीकडून अलीकडे आणवला. गडग्यावरून दिसणारं अंतर, पण रगडा तो रगडा. ह्यांनी विचारलं, हे काय. म्हटलं, तात्पुरता. मिल्काचं मन बदललं की परत नेईल. शिवाय एखाद्याकडून नम्रपणे काही स्वीकारणं हाही त्यागाचाच प्रकार आहे, आपला अहंकार जातो. हे म्हणाले, "अहंकार गेला, त्याच्या जागी रगडा ठेव."

९ मार्च. रविवार.

फादर चहाला येणार म्हणून कपाट रिकामं केलं. (सामान तात्पुरतं पलंगाखाली.) भिंती मोकळ्या, टेबल मोकळं, एक क्रूस आणि एक मेणबत्ती. अगदी मठात बसल्यासारखं वाटलं. चहा जाणीवपूर्वक टिनच्या मगांतून दिला.

फादर गोव्याकडचे, स्वभावानं बरे. खोलीभर बघून म्हणाले, वा मार्थाबाई, तुम्ही उपदेश मनावर घेतलात, मी तर नुसता बोलतो. आणि त्यांच्या नव्या कॅमेऱ्याविषयी सांगू लागले. एवढ्यात हे आतून ओरडले, "अगं, आपले सोनेरी काठाचे कप कुठं गेले? फादरांना टमरेलात चहा?" मी खोकून दिलं. फादर फार मृदूपणे म्हणाले, मगाचाही चहा गोडच लागतो. मग त्यांची पेन्सिल पडली, ती घ्यायला ते वाकले, आणि पलंगाखाली बघत बराच वेळ वाकलेलेच राहिले.

उठताना म्हणाले, "बाई, सोडणं अवघड आहे खरं. पण तुम्हाला एक विचारू? तुम्ही नक्की काय सोडायला बघताय?"

म्हटलं, वस्तू. दुसरं काय?

फादरांना कधीकधी साधी गोष्ट कळत नाही.

१४ मार्च

मिल्काचा पाणी तापवायचा पितळी बंब आणला. एक भंगारवाला त्याला चेपून बघत होता. आता आमच्याकडे दोन बंब. ह्यांनी विचारलं, दोघांनी एकाच वेळी आंघोळीला बसायचं आहे का?

बंबाबरोबर दोन लोणच्याच्या बरण्या, पाटा, आणि एक तिपाई आली. तिपाईचा उपयोग बंब ठेवायला होतो, म्हणजे ती आवश्यक.

तारीख ठरली म्हणे. मिल्का म्हणाली, सत्तावीसला इथून मुंबई, मग विमान. इनॉकभाऊंना वल्हांडणाच्या आधी पोहोचायचं आहे, पहिल्या रात्री सॅमसनच्या टेबलाशी बसायचं आहे. विमानात वजनाला मर्यादा, म्हणून एवढं सगळं इथंच. बोलता बोलता तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी म्हटलं, माझी किसणी दे.

ती म्हणाली, "बघू."

बघू काय? वीस वर्षं बघते आहे.

१७ मार्च

मला वाटतं इनॉकभाऊंची तब्येत प्रवासाला झेपणार नाही. गडग्यावरून तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी ठणठणीत आहे. नकाशावर रोज जाऊन येतो." त्यांचं हे असं.

मिल्काला म्हटलं, तिथं वाळवंट आहे म्हणतात, तुझा कढीपत्ता कसा लागणार? ती म्हणाली, बिया नेतेय. नारळ? म्हणाली, सॅमसन लिहितो की मिळत नाही. मी म्हटलं, बघ! नारळाशिवाय तू एक दिवस तरी जेवलीस का? ती दोरीवरचे कपडे काढू लागली. हा मुद्दा तिला लागला असावा. ठरवलं तर शेवटच्या क्षणीही माणूस थांबू शकतो.

२२ मार्च

जिंकले!

आज सकाळी मिल्का मागच्या दारात. डोक्यावर नेहमीची टोपली. भांडी! ठेवून घे, म्हणाली. दरवर्षीसारखीच.

ती आत आली नाही. चौकटीला हात टेकून उभी राहिली. म्हणाली, "ह्या वेळी जास्त आहेत गं." मी म्हटलं, असू देत, फळी मजबूत आहे. मग ती दुसऱ्यांदा जाऊन आली आणि माझे बिस्किटांचे डबे, घड्याळ, एका बाहीचा स्वेटर आणि स्वित्झर्लंडची तसबीर पायरीवर ठेवली. "तुझं दान सांभाळून कंटाळले बाई. लोक ही तसबीर विकत मागत होते, तर मी म्हटलं विकायची नाही, ती मार्थाची आहे." मी म्हटलं, मी तुला दिली होती. म्हणाली, "माहीत आहे. तुझं देणं म्हणजे माझ्या घरात हवा खायला ठेवणं."

तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. मला आनंद झाला होता. आठ दिवसांसाठी भांडी ठेवायला दिली, म्हणजे नवव्या दिवशी न्यायला येणार. जो माणूस भांडी ठेवायला देतो तो कुठं जात नसतो. एवढं साधं आहे. सण अजून लांब आहे, पण मिल्का दरवर्षीच घाई करते.

जेवताना ह्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, मी म्हणत होते ना. ह्यांचा घास हातात तसाच राहिला. मग उठले आणि स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं. लग्नापासून आजपर्यंत ह्यांनी हे केलेलं नाही. लेंटचा परिणाम असेल.

२५ मार्च

भांडी घासून फळीवर मांडली. परत करताना स्वच्छ असावीत. भामा बघत होती. म्हणाली, "बाय, हा टोप मना द्याल? मिल्काबाय तं चालली." तिला चांगलंच सुनावलं. दुसऱ्याची ठेव आहे, समजत नाही का. तर म्हणते, "ठेव घ्याला कोन येनार हाय?"

दुपारी डोकं दुखत होतं. आज काही दिलं नाही.

२७ मार्च

सर्दी झाली आहे, एसटी स्टँडवर जाणं शक्य नाही, असं सकाळी ह्यांना सांगितलं. हे चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल." मी म्हटलं, रगडा पुसायचा आहे. म्हणाले, "रगडा कुठं जात नाही, मार्था."

गेलो.

मुंबईची गाडी लागलेली. इनॉकभाऊ नवा कोट घालून पुढच्या सीटवर, मांडीवर नकाशा. सिनेगॉगमधली माणसं, कचेरीतली माणसं, कुणी हार, कुणी नारळ. मी बरोबर टी-सेट घेऊन गेले होते. हो, मदर बेनेडिक्टांचा. रात्री पलंगाखालून काढून वर्तमानपत्रात गुंडाळला होता. ह्या लेंटमधला माझा सर्वांत मोठा त्याग. मिल्काला म्हटलं, घे. तिनं वरचा कागद बाजूला केला, गुलाबाची कळी बघितली, पुन्हा गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "फुटेल गं. आणि वजन. आणि तिकडे कोण येणार आहे माझ्याकडे ह्या कपातून चहा प्यायला?"

मला बोलायचं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं. पण ती गाडीत चढली आणि खिडकीशी बसून पिशवी मांडीवर घेताना पिशवीचं तोंड उघडलं. आत एका ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, एक कोपरा बाहेर. पत्र्याचा, एका बाजूनं चेपलेला. ओळखायला वेळ लागला नाही.

आणि मी सगळ्या स्टँडसमोर ओरडले, "मिल्का! ती माझी किसणी आहे!"

कंडक्टरनं घंटा ओढली. मिल्का खिडकीतून निम्मी बाहेर. हसत होती की रडत होती, मला चष्मा नव्हता. "हवी तर ये घ्यायला!" म्हणाली. गाडी वळणावरून गेली तोवर तेच म्हणत होती. "ये घ्यायला!"

तीस वर्षांच्या शेजारानंतर मी तिला निरोपाचे हे शब्द बोलले. किसणी. कॉन्व्हेंटचं शिक्षण.

परत येताना ह्यांनी टी-सेट धरला. घरी आल्यावर विचारलं, "तिकडे नारळ मिळत नाही ना?" म्हटलं, नाही. "मग किसणी कशाला नेली असेल?"

मला कसं माहीत असणार?

४ एप्रिल. गुड फ्रायडे.

उपवास. चर्चमध्ये मिस्साची उपासना नाही, क्रूसाची वाट. चौदा ठिकाणी गुडघे टेकले. प्रभूचे कपडे सैनिक वाटून घेतात त्या ठिकाणी फादर नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले. कपड्यांचं काय एवढं, असं पूर्वी वाटायचं. आज वाटलं, ते कपडे कुणी शिवले असतील? त्यांना कळलं का कोण घेऊन गेलं?

संध्याकाळी वल्हांडणाची पहिली रात्र. दरवर्षी ह्या वेळी पलीकडे दिवे असतात, आणि इनॉकभाऊंचा वाचनाचा आवाज गडग्यावरून येतो. अंधार होता. मी मागच्या दारात उभी होते. हे येऊन शेजारी उभे राहिले. म्हणाले, तिकडे अजून संध्याकाळ झाली नसेल, इथल्यापेक्षा उशिरा होते. इनॉकभाऊंनी नकाशावर दाखवलं होतं.

६ एप्रिल. ईस्टर.

प्रभू उठला आहे. आनंदी राहण्याचा दिवस.

लेंटचा आढावा. काय गेलं: तीन काठ्या, दुर्बिणीचा पाय, ताडपत्री. (ताडपत्री आणि एक काठी भामानं परत आणून टाकली, भोकं आहेत म्हणे.) काय आलं: रगडा, बंब, पाटा, बरण्या, तिपाई, एक छत्री (शिवाची. छत्री त्याला आवडली नाही, हॅटच हवी म्हणतो), आणि मिल्काची भांडी. घरात पाऊल ठेवायला जागा नाही. फादर मिस्सानंतर हात मिळवायला थांबले. मी आधीच म्हटलं, फादर, मला बोलू नका. ते म्हणाले, बोलत नाही, मीच कॅमेरा विकला नाही. मग सावकाश म्हणाले, "पण एक गेलं ना तुमचं? मनापासून गेलं?"

मी म्हटलं, गेलं नाही, नेलं. किसणी.

फादर हसले. मग हसायचे थांबले.

१३ एप्रिल. रविवार. वल्हांडणानंतरचा दिवस.

नववा दिवस. सवयीनं पहाटेच केक भाजायला घेतला. वाळूचं पातेलं निखाऱ्यावर ठेवलं तेव्हा लक्षात आलं. पण पीठ भिजलं होतं, अंडी फोडलेली, मग टाकून कसं देणार? भाजला. नेहमीपेक्षा चांगला फुगला, मेला.

मिल्काच्या मोठ्या पातेल्यात ठेवला. भांडी टोपलीत भरली. टोपली उचलून गडग्यापर्यंत नेली. पलीकडे नवे भाडेकरू सामान उतरवत होते. एका लहान मुलीनं मला विचारलं, आजी, ह्यात काय आहे? म्हटलं, भांडी. कुणाची? मी टोपली पुन्हा उचलली. परत आले.

लेंट संपलं असलं तरी संकल्प संपलेला नाही. माणूस कधी जाईल सांगता येत नाही, आणि आमच्या घरात कुणाला काही शोधता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवते. माझ्यामागे ह्यांनी वाचावं आणि पाळावं. ह्यांनी आपलं काही जास्तीचं घुसडू नये.

सोला हॅट शिवाला. ह्या वेळी खरंच. हे त्याला छत्री देऊन परत घेऊ शकणार नाहीत, कारण छत्री आधीच आपल्याकडे आहे.

टी-सेट फादरांना. कान नसलेले कपसुद्धा. टिनच्या मगातला चहा गोड लागतो असं ते म्हणतात, ते खोटं आहे.

बंद घड्याळ भामाला नको असलं तरी भामालाच. ती बडबडेल. बडबडू दे. रगडा तिला द्यावा, पण तिच्या घरी पोहोचेपर्यंत ह्यांनी गाडीबरोबर चालत जावं. एक बंबही तिला. कुठला ते तिनं निवडावं, मिल्काचा सोडून.

एका बाहीचा स्वेटर सॅमसनला पोस्टानं पाठवावा. त्याचा एखादा मुलगा असेल तर त्याला. दुसरी बाही त्याच्या आजीनं विणावी. विणणं तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

चाव्या विहिरीत टाकाव्या.

स्वित्झर्लंडची तसबीर ह्यांनी ठेवावी. त्यांना आवडते, मला माहीत आहे.

किसणी मिल्काची. आहेच तिच्याकडे.

फळीवरची भांडी मात्र कुणालाही देऊ नयेत, भामानं कितीही मागितली तरी. ती आपली नाहीत. आठ दिवसांसाठी ठेवायला दिलेली आहेत. नाव कोरलेलं आहे, वाचता येतं. ती न्यायला आली की मोठ्या पातेल्यात केक आहे तो तसाच द्यावा. वाळला असेल तर वाळू दे, काढून टाकू नये.

मागच्या पायरीवर दोन चहा ठेवावे.